चिऱ्याच्या जुन्या घरात दर पावसाळ्यानंतर गिलावा पडतो, त्याचं मूळ कुठे शोधायचं

गणपती झाले की पाहुण्यांचे फोन सुरू होतात, आणि नेमका त्याच सुमाराला भिंतीचा गिलावा सुटायला लागतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर आधी रंगाला फोड येतात. बोटाने दाबलं की पापुद्रा निघतो आणि आत मिठासारखी पांढरी भुकटी दिसते. दिवाळीपर्यंत तिथे तळहाताएवढा खड्डा पडलेला असतो. मग गवंडी बोलवायचा, खड्डा बुजवायचा, रंग मारायचा. मे महिन्यापर्यंत भिंत नव्यासारखी, आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत जुनी घरं दुरुस्त करून पाहुणे ठेवणाऱ्या बऱ्याच जणींकडून मी ही तक्रार ऐकली आहे. आमच्या घरी ती सलग चार वर्षं होती. त्यातून आम्ही कसे सुटलो, आणि अजून काय सुटलेलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

घर मालवण तालुक्यातलं, माझ्या सासरचं, चार पिढ्या जुनं. लोटा म्हणजे पुढची ओसरी, वळई म्हणजे माजघर, मग देवघर, दोन्ही बाजूंना खोल्या, वर माळा, मागे पडवी. भिंती जवळजवळ दोन फूट जाडीच्या, चिरे मातीत बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा. २०१७ साली आम्ही ते दुरुस्तीला काढलं. चुन्याचा गिलावा भुसभुशीत झालाय म्हणून सगळा खरवडला आणि सिमेंटचा केला. त्यावर पुसता येईल असा तुकतुकीत रंग दिला. लाल कोबा काढून चकचकीत टाइल्स बसवल्या. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चिखल होतो म्हणून भराव घालून पेव्हर ब्लॉक टाकले. माळ्याखाली पीओपीचं छत केलं आणि दोन खोल्यांना एसी लावले. यातला एकेक निर्णय पाहुण्यांच्या सोयीसाठी, मनापासून घेतलेला होता. आणि ओलीचं मूळ यांतच होतं.

पहिल्या पावसानंतर गिलावा सुटला तेव्हा वॉटरप्रूफिंग करणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं. त्याने तीन फुटांपर्यंत गिलावा काढून रसायन घातलेलं सिमेंट लावलं आणि वरून चिवट रंगाचे दोन हात दिले. तेवढा भाग खरंच चांगला राहिला. पण पुढच्या वर्षी त्या पट्ट्याच्या वर, चौथ्या फुटाला फोड आले. तिथपर्यंत रसायन लावलं, तर ओल आणखी वीतभर वर गेली. देवघराच्या भिंतीवर ती देव्हाऱ्याच्या फळीला टेकली, तेव्हा सासूबाईंनी गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावणं धाडलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याने भिंतीला हातही लावला नाही. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, खळ्यात उभा राहिला आणि मला म्हणाला, "वयनी, पाणी खंयसून येता ता आधी बघा, मगे भिंतीक हात लावा."

चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र असतो. खाणीत मऊ, कुऱ्हाडीने तासता येईल असा, आणि वाऱ्याला आला की कडक होणारा. १८००-०१ च्या प्रवासात फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या अधिकाऱ्याने मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. हा दगड पाणी पितो आणि उन्हावाऱ्यात ते सोडूनही देतो. जुनं घर या देवघेवीवरच उभं आहे. पावसात भिंत चार महिने थोडी ओली होणार हे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट आणि प्लास्टिकचा रंग अडवतात. अडलेलं पाणी जमिनीत परत जात नाही. चिऱ्यातल्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते वर चढतं आणि जिथे उघडी जागा मिळेल तिथे बाहेर येतं. आम्ही दरवर्षी रसायनाचा पट्टा उंच केला आणि दरवर्षी ओल वर ढकलली, एवढंच झालं.

मग गिलावा पावसात न पडता पाऊस संपल्यावर का पडतो? कारण तो पाण्याने पडत नाही, मिठाने पडतो. जमिनीतलं पाणी चढताना क्षार घेऊन येतं. समुद्रकाठी हवेतूनही मीठ येऊन बसतं. पूर्वी कोणी खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर ते मीठ आधीपासूनच भिंतीत असतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि मीठ गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक होऊन फुगतं. तो फुगवटा गिलाव्याला आतून ढकलतो. यालाच आपल्याकडे भिंतीला लोणा लागला म्हणतात. मिठाची आणखी एक खोड आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं खडेमीठ पाझरतं ना, अगदी तसंच. म्हणून लोणा लागलेली भिंत कुठूनही गळत नसली तरी जुलैत ओली लागते, आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगते. पाणी वरून येत असेल, बाजूने येत असेल, खालून येत असेल किंवा खोलीतल्या खोलीत तयार होत असेल. या चारांचे डाग वेगळे असतात आणि उपायही वेगळे असतात.

वरून येणारं पाणी चहाच्या रंगाचे ओघळ काढतं. मोठी सर येऊन गेली की तास-दोन तासांत डाग ओला होतो आणि उघडीप मिळाली की सुकतो. हे सगळ्यात सोपं, कारण फुटलेलं किंवा सरकलेलं कौल सापडतं. आमच्याकडे माकडांचा कळप आंब्यावरून छपरावर उतरतो, त्यामुळे मे अखेरीला नळे म्हणजे कौलं परतून घेतली तरी जुलैत पुन्हा शिडी लावावी लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने पश्चिमेची कौलं उडवली, तेव्हा घाईत आम्ही कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरला. ते करू नका. गळती दिसेनाशी होते, पण कागदावर साठलेलं पाणी रिपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, धरून राहतं. दोन वर्षांत आमच्या आठ-दहा रिपा बोटाने कुस्करता येतील अशा झाल्या. पीओपीच्या छतानेही हेच केलं: गळती लपवली आणि माळ्याचा वारा बंद केला. पूर्वी खाली चूल पेटायची, धूर माळ्यातून कौलांच्या फटींनी बाहेर जायचा आणि वासे कोरडे राहायचे. चूल आता नाही, निदान वारा तरी असू द्या. आम्ही पीओपी काढून माळ्याच्या फळ्या उघड्या ठेवल्या. पाहुण्यांना त्याच जास्त आवडतात, हे मला आधी सुचायला हवं होतं.

बाजूने येते ती झड. नैऋत्येच्या वाऱ्याला तोंड करून असलेल्या भिंती बाहेरून हिरव्या होतात. शेवाळ कुठवर चढलंय ते बघा. सगळी भिंत हिरवी असेल तर पाऊस थेट लागतोय, मग वळचण पुढे काढायला हवी किंवा पावसाळ्यापुरता आडोसा. पूर्वी माडाच्या झावळ्यांच्या झापा बांधायचे. त्यांनी पाणी अडतं आणि वारा जातो. हल्ली ताडपत्री गुंडाळतात, तिने पाणीही अडतं आणि वाराही. आम्ही झापांवर परत आलो. विणणारी माणसं कमी झाली आहेत, पण एप्रिलात सांगून ठेवलं तर मिळतात.

शेवाळ फक्त खालच्या फूट-दीड फुटात असेल तर ती पागोळ्यांची करामत, आणि याच ठिकाणी सगळ्यात जास्त घरं चुकतात. म्हणून थोडं थांबून हिशेब मांडते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. घराच्या छपराने झाकलेली जागा १०० चौरस मीटर धरली, तर एका पावसाळ्यात त्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं. हे सगळं पाणी वळचणीवरून एका रेषेत खाली येतं. ती रेषा मातीवर किंवा खडीवर असेल तर पाणी मुरतं, शिंतोडे कमी उडतात. ती पेव्हर ब्लॉकवर असेल तर प्रत्येक थेंब आपटून भिंतीवर येतो. आमचं जोतं मुळात खळ्यापासून पावणेदोन फूट उंच होतं. सासूबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा लोट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या, हे त्यांना नीट आठवतं. भराव आणि ब्लॉक घातल्यावर एकच पायरी उरली. म्हणजे जोत्याने झेलायचे शिंतोडे आता भिंत झेलत होती, आणि ओली माती जोत्याऐवजी भिंतीच्या पायालगत येऊन टेकली होती. गवंडी खळ्यात उभा राहून तेच बघत होता.

खालून चढणारी ओल ओळखायची खूण म्हणजे तिची रेघ साधारण एका उंचीवर असते आणि ती घरातल्या मधल्या भिंतींनाही असते, जिथे पाऊस कधी पोहोचतच नाही. जानेवारीतही ती पुरती सुकत नाही. जमिनीला टाइल्स बसवल्यावर ती वाढली का, हेही आठवून बघा. सारवलेली जमीन किंवा चुन्याचा जुना कोबा थोडी थोडी ओल सगळीकडून सोडत होता. टाइल्सनी ती वाट बंद केली, मग पाणी कडेला भिंतींकडे सरकलं.

चौथी वाट खोलीच्या आतली. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर मे महिन्यातही ओला डाग असेल तर तो पावसाचा नाही, नळाचा किंवा शॉवरचा आहे. आणि एसीच्या खोलीत कपाटामागे, गादीखाली काळी बुरशी धरत असेल तर ते बहुधा हवेतलं पाणी आहे. खोली अठरा-वीस अंशांवर गार करायची आणि दार उघडलं की बाहेरची दमट हवा त्या गार भिंतीवर पाणी सोडते. शंका असेल तर हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतलं. पावसात चिकटपट्टी धरत नाही, तेव्हा कडेने लाकडी पट्ट्या टेकवून दाबून धरा.

आम्हाला चारांपैकी तीन गोष्टी सापडल्या. छपराची गळती किरकोळ होती. खरं दुखणं खळं, टाइल्स आणि मागच्या न्हाणीघरात होतं.

काम खळ्यापासून सुरू केलं, भिंतीपासून नाही. ब्लॉक उचलले, भराव काढला, खळ्याची पातळी जुन्या खुणेपर्यंत खाली नेली आणि उतार घरापासून दूर ठेवला. पागोळ्यांच्या रेषेखाली हातभर रुंद चर काढून त्यात जाड खडी भरली आणि चराला माडांच्या आळ्यांकडे वाट करून दिली. चर भिंतीला चिकटून खणू नका. जुन्या घरांचे पाये फार खोल नसतात, शेजारी खोल खणलं तर भिंत खचते. वळचण भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे असतेच, चर तिच्याच खाली घ्यायचा. चिखलाची भीती मला होती, पण चालायच्या वाटेवर फक्त चिऱ्यांचे सपाट तुकडे, मध्ये माती सोडून, बसवले की पुरतं.

नंतर न्हाणीघर. पाहुण्यांना खोलीला जोडूनच हवं असतं, त्यात त्यांची चूक काही नाही. पण ते जुन्या भिंतीला चिकटवून बांधलं की नळाची एखादी बारीक गळतीसुद्धा चिरा वर्षानुवर्षं पीत राहतो. आम्ही मागीलदारच्या पडवीत नवं न्हाणीघर बांधलं, स्वतःच्या वेगळ्या विटांच्या भिंतीचं, आणि जुन्या भिंतीत नि त्यात वीतभर मोकळी जागा ठेवली. खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात जड गेलेलं काम हेच. टाइल्स मात्र सगळ्या काढणं परवडत नव्हतं. भिंतीलगतची एक एक ओळ काढून तिथे चुना आणि वाळूची पट्टी भरली, जमिनीतल्या ओलीला तेवढी तरी वाट. पुढे जमेल तसा लाल कोबा परत करायचा आहे.

भिंतीला हात लावला तो यानंतर, दिवाळी झाल्यावर. सिमेंटचा गिलावा छिन्नी आणि लहान हातोडीने काढायचा, ब्रेकर लावायचा नाही, नाहीतर चिऱ्याचा तोंडवळाही त्याबरोबर निघून येतो. ओलीची जी सगळ्यात वरची रेघ असेल तिच्याही दोन फूट वरपर्यंत काढा. मग सगळ्यात अवघड गोष्ट: थांबायचं. भिंत होळीपर्यंत तरी उघडी ठेवा. ऐन हंगामात दोन खोल्यांच्या भिंती उघड्या ठेवायला माझा जीव होत नव्हता. शेवटी बुकिंग घेतानाच स्पष्ट सांगितलं की भिंतींचं काम चालू आहे, खालचे चिरे उघडे दिसतील. कोणीही बुकिंग मोडलं नाही. उलट मुलं चिऱ्याच्या खळग्यांना हात लावून बघत आणि मोठी माणसं घराची गोष्ट विचारत.

भिंत सुकते तसं मीठ बाहेर येतं. ते कोरड्या ब्रशने झाडायचं आणि सुपलीत गोळा करून बाहेर टाकायचं. पाण्याने धुतलं की ते विरघळून परत चिऱ्यात जातं. जिथे फारच लोणा होता तिथे कागदाचा लगदा भिजवून पोटिसासारखा बोटभर जाड थापला. सुकताना तो मीठ ओढून घेतो, सुकला की उतरवून फेकायचा. देवघराच्या भिंतीला असं तीनदा करावं लागलं.

मग चुना. भाजलेल्या कळीच्या चुन्याला पाणी घातलं की तो उकळतो, तेव्हा डोळे आणि हात जपा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. विझवलेला चुना पाण्याखाली झाकून निदान काही आठवडे मुरवायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली नदीची वाळू, आणि ओलीच्या भिंतीला थोडी सुरखी म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. सुरखीने चुना दमट जागेतही धरतो. आमच्या गवंड्याने त्यात गुळाचं पाणीही घातलं. हात पातळ द्यायचे, एका वेळी बोटाच्या जाडीपेक्षा कमी, आणि दोन हातांत काही दिवस जाऊ द्यायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला घाई चालत नाही. ऊन लागत असेल तर ओलं गोणपाट टांगायचं. केसासारखे तडे दिसले तर थापीने पुन्हा दाबायचे. हे काम पावसात करता येत नाही आणि एप्रिलच्या उन्हातही नीट होत नाही. होळीनंतर लगेच काम उरकलं नाही आणि एप्रिल लागलाच तर भिंत तशीच उघडी ठेवून पुढच्या दिवाळीनंतर करा.

बरेच जण विचारतात, चुन्यात थोडं सिमेंट मिसळू का, लवकर धरेल. मी नको म्हणते. पकड हवी असेल तर सुरखी वाढवा. रंगही चुन्याचाच, तीन-चार पातळ हातांनी. कपड्यांना पांढरं लागू नये म्हणून सफेदीत डिंकाचं पाणी घालतात, ते चालतं. सफेदीत मीठ घालायचीही जुनी पद्धत आहे, पण लोणा लागलेल्या भिंतीला ते घालू नका. रंगात हवा असेल तर काव मिसळा, लोट्याच्या भिंती आम्ही तशाच केल्या आहेत.

हा गिलावा जन्मभर टिकेल असं समजू नका. भिंतीत अजून मीठ आहे, आणि ते आता चिऱ्याऐवजी चुन्यात येऊन बसतं. काही वर्षांनी खालचा पट्टा खरवडून पुन्हा करावा लागेल. चिरा वाचतो, गिलावा जातो. चिरा गेला तर घर गेलं.

पाहुण्यांच्या खोल्यांत आता एवढं पाळते: पलंग आणि कपाटं भिंतीपासून वीतभर दूर, एसी सव्वीसच्या खाली नाही, पाहुणे गेले की दोन्ही बाजूंच्या खिडक्या दिवसभर उघड्या. जून ते ऑगस्ट पाहुणे कमी असतात म्हणून खोल्या कुलूपबंद ठेवायची आमची जुनी सवय होती, बुरशी तिनेच वाढवली. आता रोज सकाळी दारं उघडायची, पंखा तासभर फिरू द्यायचा. गाद्या उघडीप मिळाली की लोट्यावर काढायच्या.

तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथेही नजर टाका. कोणी तिथे सिमेंट भरून ठेवलं असेल तर ते काढून टाका. लाकडाच्या टोकाला वारा हवा, नाहीतर वरून धडधाकट दिसणारी तुळई भिंतीच्या आत कुजते.

उरला तो उत्तरेच्या खोलीचा एक कोपरा. तिथे शेजारच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून मातीचा ढीग आहे, तो आमच्या हद्दीत नाही. शेजारच्या काकांशी बोलणं झालं आहे, पेरू झाडाची मुळं न दुखवता माती कशी सरकवायची ते आम्ही मिळून ठरवतोय. तोवर त्या कोपऱ्यात मी दर महिन्याच्या एक तारखेला ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारते आणि शेजारी तारीख लिहिते. हे तुम्हीही आजपासून सुरू करा, पैसा लागत नाही आणि कुठला उपाय लागू पडला ते भिंतच दाखवते. देवघराच्या भिंतीवर अशा रेघा दोन वर्षं खाली खाली येत गेल्या. शेवटची जमिनीपासून चार बोटांवर आहे.